ग्रेगरी पेकचं कोर्ट आणि आमचा भंडारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आवडता नट कोण, या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाचं वय ओळखता येतं. माझ्या वयाची मंडळी देव आनंद म्हणतात, दिलीपकुमार म्हणतात, थोडी धाकटी असतील तर राजेश खन्ना. मी ग्रेगरी पेकचं नाव घेतो तेव्हा समोरचा जरा थांबतो. हा कोण बुवा? मग 'मॅकेनाज गोल्ड'मधला, असं सांगितलं की चेहरा खुलतो. "अच्छा, तो नकाशावाला!"

भंडारा जिल्ह्यात मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वडील अर्जनवीस होते. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज, दावे, प्रतिज्ञापत्रं लिहून देत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण कोर्ट मात्र पुरतं ठाऊक होतं. ग्रेगरी पेकविषयी बोलताना मला वडिलांविषयीही बोलावं लागतं, आणि शेवटी स्वतःविषयी. ते थोडं अवघड आहे. म्हणून आधी सोपं ते सांगतो.

एल्ड्रेड ग्रेगरी पेक ५ एप्रिल १९१६ रोजी कॅलिफोर्नियातल्या ला होया या गावी जन्मला. वडील औषधविक्रेते. बर्कलेच्या विद्यापीठात शिकताना त्याला अभिनयाची गोडी लागली. पाठीच्या दुखण्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही. हॉलीवूडचे अनेक नट त्या वेळी आघाडीवर गेलेले होते. १९४४ साली पेकचा पहिला चित्रपट आला आणि दोन-तीन वर्षांत तो मोठा नट झाला. उंची सहा फूट तीन इंच, आवाज खर्जातला, चेहरा असा की या माणसाकडे घराची किल्ली ठेवून निर्धास्त यात्रेला जावं.

आपल्याकडे त्याची कीर्ती दोन वाटांनी आली. एक म्हणजे देव आनंद. डोक्यावरचा केसांचा कोंबडा, मान तिरपी करून बोलण्याची लकब, यावरून त्याला 'हिंदुस्थानचा ग्रेगरी पेक' म्हणत. दुसरी सुरैया. ती पेकची निस्सीम चाहती होती, आणि मुंबईत त्या दोघांची भेट झाल्याचा किस्सा सिनेमाच्या मासिकांनी पुढे कितीतरी वर्षं पुरवला. म्हणजे पेकचा एकही चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही पेक माहीत होता. आमच्याकडे बहुतेकांची गोष्ट हीच.

त्याचे चित्रपट पाहायचे तर नागपूर गाठावं लागे. एस.टी.ने साठ किलोमीटर, मौद्याजवळ कन्हान नदीचा पूल ओलांडून. कॉलेजात असताना आम्ही तिघे-चौघे मित्र सदरमधल्या 'लिबर्टी'ला जायचो. परतीची गाडी चुकली तर रात्र स्टँडच्या बाकावर. पण गाडी चुकल्याचं दुःख कुणाला होत नसे.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' १९६१ चा. एजियन समुद्रातल्या एका बेटावर जर्मनांच्या दोन प्रचंड तोफा, आणि त्या उडवायला निघालेली मूठभर माणसं. चित्रपट आला तेव्हा मी शाळेत होतो, तो पाहिला फार उशिरा. पेक त्यात कड्यावर चढतो. आम्ही श्वास रोखून बसलो होतो आणि मागच्या रांगेतला एक जण सारखा "धर, धर" म्हणत होता.

'मॅकेनाज गोल्ड' १९६९ चा. अमेरिकेत तो फारसा चालला नाही, आणि भारतात मात्र वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला. सोन्याच्या दरीचा नकाशा मार्शल मॅकेनाने जाळून टाकलेला, पण त्याने तो पाहिलेला असतो. म्हणून लुटारू त्यालाच धरून नेतात. ओमर शरीफ खलनायक. शेवटी डोंगर थरथरतात, सोन्यावर कडे कोसळतात आणि लोभी माणसं गाडली जातात. चित्रपट म्हणून फार मोठा नव्हे. पण आमच्या तुमसरचा भाताचा व्यापारी असो की चिखल्याच्या मँगनीज खाणीतला मजूर, हा सिनेमा कळायला इंग्रजी लागत नव्हतं. सोनं कळत होतं, लोभ कळत होता आणि पृथ्वी हादरते तेही कळत होतं.

मला स्वतःला अधिक प्रिय 'रोमन हॉलिडे'. विल्यम वायलरने रोममध्ये जाऊन काढलेला, १९५३ चा. राजकन्या एका रात्री राजवाड्यातून निसटते आणि एका कफल्लक अमेरिकन बातमीदाराच्या खोलीवर येऊन पडते. बातमीदार म्हणजे पेक. राजकन्येच्या भटकंतीची बातमी त्याने विकली तर त्याचं सगळं कर्ज फिटेल. तो तिला रोमभर फिरवतो, मित्राकडून चोरून फोटो काढवतो. दगडी तोंडात हात घालण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग आहे ना, त्यात पेकने हात बाहीत लपवून हात तुटल्याचं सोंग केलं. ते तिला आधी सांगितलेलं नव्हतं. ऑड्री हेपबर्नची किंकाळी खरी आहे. ती तेव्हा नवखी होती. आपलं एकट्याचं नाव वर न छापता तिचंही नाव बरोबरीने छापा, असा आग्रह पेकने धरला. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं.

पण मला त्या चित्रपटाचा शेवट आठवतो. बातमीदार बातमी विकत नाही. फोटो राजकन्येच्या हाती परत जातात. पत्रकार परिषद संपते, सगळे निघून जातात, आणि तो त्या लांबलचक दालनातून खिशात हात घालून एकटा चालत येतो. बस्स. भाषण नाही, अश्रू नाहीत. हातात आलेली गोष्ट त्याने सोडून दिली एवढंच.

आमच्या झाडीपट्टीत हे नवलच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार आणि रात्रभर नाटक. आमचा नायक प्रवेश करतो तोच मुळी गर्जना करत. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत आवाज पोचला पाहिजे, ही त्याची पहिली जबाबदारी. वडील त्या नाटकांचे वेडे. मी त्यांना पहिल्यांदा पेकचा सिनेमा दाखवला तेव्हा ते अर्धा तास बघत राहिले आणि मला म्हणाले, "हा आवाज काहून काढत नाही गा?"

तो सिनेमा होता 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. वर्ष १९७८, उन्हाळ्याची सुटी. नोकरीला दोन वर्षं झाली होती. काही कामानिमित्त वडील माझ्याबरोबर नागपूरला आले होते. रविवारी सकाळच्या खेळाला हा सिनेमा लागलेला. वकिलाची गोष्ट आहे म्हटल्यावर ते तयार झाले.

हार्पर लीची कादंबरी १९६० ची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि १९६२ च्या अखेरीस रॉबर्ट मलिगनने दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. काळ १९३० च्या दशकातला, मंदीचा. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अॅलाबामा राज्य, मेकोम्ब नावाचं लहान गाव. अॅटिकस फिंच हा विधुर वकील, त्याची दोन मुलं. टॉम रॉबिन्सन या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे आणि त्याची बाजू अॅटिकसकडे आली आहे. मुलीच्या चेहऱ्यावरच्या खुणा डावखुऱ्या माणसाने मारल्याच्या आहेत, आणि टॉमचा डावा हात लहानपणी यंत्रात सापडून निकामी झालेला. कोर्टात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हे सिद्ध होतं. तरीही पंच म्हणून बसलेली बारा गोरी माणसं त्याला दोषी ठरवतात.

मी कानात वडिलांना भाषांतर करून सांगत होतो. उलटतपासणीला मात्र त्यांनी मला गप्प केलं. ती त्यांना न सांगता कळत होती. टॉमकडे पेला फेकून तो झेलायला लावतात आणि तो उजव्या हाताने झेलतो, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "सुटला!" निकाल लागला तेव्हा विचारलं, "का म्हणते गा तो?" मी सांगितलं, दोषी. ते पुढे काही बोलले नाहीत.

त्यानंतरचा प्रसंग जगभर गाजला आहे. कोर्टात खाली गोरे बसलेले, काळ्यांना वरच्या गॅलरीत जागा. वकिलाची मुलंही त्यांच्यातच जाऊन बसली आहेत. खालचं कोर्ट रिकामं होतं. अॅटिकस कागद आवरतो, बॅग उचलतो आणि निघतो. वरची सगळी माणसं, एक शब्दही न बोलता, उभी राहतात. हरलेल्या वकिलासाठी. तो वर बघतसुद्धा नाही.

माझे डोळे भरून आले होते. बाहेर आल्यावर वडिलांनी चहा घेतला, अर्धा बशीत ओतला आणि म्हणाले, "वकील चांगला होता. पण त्याच्या गावात बाकी कोणी नव्हतं का गा?"

मला त्या वेळी ते अडाणी वाटलं. एवढा सिनेमा पाहून हाच प्रश्न?

आता अवघड भाग. त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, मी ज्या गावात शिक्षक होतो तिथे शाळेच्या गणपतीच्या वर्गणीचा डबा हरवला. आळ आला आठवीतल्या एका मुलावर. बौद्ध मोहल्ल्यातला मुलगा, अक्षर सुरेख, माझ्याकडे शब्दार्थ लिहून घ्यायला यायचा. डबा ज्या दुपारी गेला, त्या दुपारी तो माझ्या खोलीवर बसून वह्या तपासायला मदत करत होता. हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. गावातली चार वजनदार माणसं शाळेत आली. त्यांतल्याच एकाच्या घरी मी भाड्याने राहत होतो. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट उघडला आणि त्यात बघत राहिलो.

मुलगा शाळेत परत आला नाही. दिवाळीच्या साफसफाईत डबा आरतीच्या सामानाच्या पेटीत सापडला. सगळे हसले. त्याच्या घरी जाऊन सांगावं, असं कुणाला वाटलं नाही. मलाही जावंसं वाटलं, पण मी गेलो नाही. वडिलांना मी हे कधीही सांगितलं नाही.

पेकचा 'जंटलमन्स अॅग्रीमेंट' मी फार पुढे, टीव्हीवर पाहिला. नव्वदच्या दशकात केबलवर दिवसा कार्टून दाखवणारी वाहिनी रात्र झाली की टीएनटी व्हायची आणि जुने कृष्णधवल चित्रपट लावायची. नातवंडं झोपली की आमच्यासारख्यांची पाळी. जुन्या सिनेमांची चटक तिथेच पुन्हा लागली आणि मग पेकचे मिळतील ते सगळे चित्रपट मी पाहिले. 'जंटलमन्स अॅग्रीमेंट' १९४७ चा, एलिया कझानचा. ज्यूंविषयीच्या द्वेषावर लेखमाला लिहायची म्हणून एक पत्रकार स्वतः ज्यू असल्याचं सांगू लागतो. दुसरं काहीच बदलत नाही, तोच कोट, तोच चेहरा. पण हॉटेलात खोली नाही, मुलाला शिव्या, आणि प्रेयसीच्या घरचे अवघडलेले. ही भूमिका घेऊ नकोस, असा सल्ला पेकच्या एजंटाने दिला होता. त्याने ऐकलं नाही. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर याच चित्रपटाला मिळालं.

आपल्याकडे हा चित्रपट समजायला अवघड नाही. भाड्याने खोली बघायला जा. "आडनाव काय?" हा प्रश्न पहिला, पाण्याचा पेला नंतर. त्या चित्रपटात खरी टोचणी दुष्ट माणसांना नाहीच. ती आहे त्या सज्जनांना, जे जेवणाच्या टेबलावर घाणेरडा विनोद ऐकतात, मनातल्या मनात नाराज होतात आणि भाजी पुढे सरकवतात. मी ते पाहताना टीव्हीचा आवाज कमी केला.

आणि मग २९ सप्टेंबर २००६. आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, एका दलित कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना जमावाने ठार मारलं. वडील तेवढे वाचले. जमाव म्हणजे परग्रहावरून आलेली माणसं नव्हती, शेजारी होते. जिवंत राहिलेले शेजारीही होते, घरात बसलेले. खटला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात चालला. सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, त्यांतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद ठरवली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. ते वडील २०१७ साली वारले.

ज्या आवारात माझे वडील सतरंजी टाकून बसायचे, त्याच कोर्टाची ही गोष्ट. मला त्यांचा चहाच्या टपरीवरचा प्रश्न तेव्हा कळला. अॅटिकस किती मोठा, हे त्यांना विचारायचं नव्हतं. त्यांना विचारायचं होतं की एका गावाला एकच अॅटिकस का लागतो.

या जिल्ह्याची आणखी एक आठवण वडील सांगत. मे १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब हरले. देशाची घटना लिहिणारा वकील आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला परत पाठवलं. वडील हे सांगताना आवाज खाली आणत, जणू घरातलीच एखादी चूक सांगत आहेत.

पेक पडद्यावर एक आणि बाहेर दुसरा, असं झालं नाही. 'मॉकिंगबर्ड'साठी पाचव्या नामांकनात त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा हार्पर लीने दिलेलं तिच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ त्याच्याजवळ होतं. अॅटिकस तिने वडिलांवरूनच बेतला होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा पेक ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा अध्यक्ष होता. ८ एप्रिलचा सोहळा अंत्यसंस्कारांनंतर, १० तारखेला झाला. ऑस्करसाठी हे साधं नव्हतं. २००३ च्या जूनमध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने अॅटिकसला सिनेमातला सर्वश्रेष्ठ नायक ठरवलं आणि काही दिवसांतच, १२ जूनला, पेक गेला. वय ८७. त्याच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचं भाषण केलं ब्रॉक पीटर्सने. चित्रपटात टॉम रॉबिन्सन झालेला नट तो हाच.

२०१५ साली हार्पर लीचं आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झालं. 'मॉकिंगबर्ड'च्या आधीच लिहिलेलं, पण अडगळीत राहिलेलं. त्यातला म्हातारा अॅटिकस काळ्यांच्या समान हक्कांच्या विरोधात बोलतो. जगभरच्या वाचकांना धक्का बसला, काहींनी आपल्या मुलांची 'अॅटिकस' ही नावं बदलायचाही विचार केला म्हणे. मला तेवढा धक्का बसला नाही. कोर्टात एका माणसासाठी उभा राहणारा माणूस उद्या गावाच्या पंक्तीत गावासारखाच बसू शकतो, हे मला १९७८ पासून ठाऊक आहे. मी तर एका माणसासाठीसुद्धा उभा राहिलो नव्हतो.

तरीही ग्रेगरी पेक माझा आवडता नट आहे. तो मला दोषमुक्त करत नाही म्हणून असेल. मोठ्याने बोलणारा नायक आपल्या वतीने सगळं करून टाकतो, आपण टाळ्या वाजवून घरी येतो. पेक गप्प असतो, आणि त्या गप्प जागेत आपल्याला स्वतःचं काहीतरी ऐकू येतं.

माझे जुने विद्यार्थी कधी कधी विचारतात, सर, त्याचा कोणता सिनेमा बघू? मी सांगतो, आधी 'रोमन हॉलिडे' बघा, मन प्रसन्न होईल. मग एका निवांत रात्री 'मॉकिंगबर्ड' बघा. फक्त एक करा. निकाल लागतो तेव्हा पेककडे बघू नका, वरच्या गॅलरीकडेही नको. खाली बसलेल्या माणसांकडे बघा. कॅमेरा त्यांच्यावर फार थांबत नाही. ती उठतात, टोप्या घालतात आणि घरी जेवायला निघतात.

मी प्रत्येक वेळी त्यांच्यात एक हजेरीपट उघडून बसलेला शिक्षक शोधतो. अजून दिसला नाही, पण तो तिथे आहे.